वॉलेट जोडलं म्हणजे लॉगिन झालं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चित्रांच्या मर्यादित छपाया विकणारी एक वेबसाइट तुम्ही रिअ‍ॅक्ट आणि नोड.जेएस वापरून बांधली आहे. खरेदीची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर (पुढे 'साखळी' किंवा 'चेन') होते. ग्राहकानं मेटामास्क हे वॉलेट, म्हणजे गुप्त किल्ली सांभाळणारं अ‍ॅप, जोडलं की त्याचा पत्ता (त्या किल्लीचा उघड खाते-क्रमांक) फ्रंटएंडला, म्हणजे ब्राउझरमधल्या पानाला, मिळतो, तो तुम्ही सर्व्हरला पाठवता आणि सर्व्हर त्या पत्त्याच्या नावानं सेशन उघडून देतो. "सगळं चालतंय, मग वर सही मागायची कटकट कशाला? आणि मागायचीच तर त्याच सहीत पैशांचा व्यवहारही उरकता येईल का?" असं तुम्ही विचारलंय. शिवाय जुन्या व्हिडिओत दाखवलेली मुंबई टेस्टनेट, म्हणजे पॉलिगॉनची सरावासाठीची साखळी, काही केल्या जोडली जात नाही, हेही.

पहिलं उत्तर आधी देते, कारण त्यात धोका आहे. आज तुमच्या साइटवर कोणीही कोणाच्याही नावानं आत जाऊ शकतो. आलेला पत्ता मेटामास्ककडून आला की कोणी हातानं टाइप करून पाठवला, हे कळायला तुमच्या सर्व्हरकडे काही साधनच नाही. आणि पत्ता काही गुपित नसतो. पॉलिगॉनस्कॅन या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर तुमच्या काँट्रॅक्टचं (साखळीवर चालणाऱ्या विक्रीच्या प्रोग्रॅमचं) पान उघडलं की आजवर कोणी कोणी छपाई घेतली त्यांचे पत्ते ओळीनं दिसतात. त्यातला एक उचलायचा, तुमच्या लॉगिनच्या एपीआयला पाठवायचा, की आत. घराचा पत्ता ठाऊक असणं वेगळं आणि घराची किल्ली खिशात असणं वेगळं. सही मागायची ती किल्ली जवळ असल्याचा पुरावा म्हणून. साइट लोकांसाठी खुली झाली असेल तर पुढचं वाचण्याआधी तो रस्ता बंद करा.

आता मूळ अडचण. तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एका बटणामागे ठेवल्या आहेत. वॉलेट जोडणं म्हणजे साइटला आपला पत्ता पाहू देणं. लॉगिन म्हणजे तो पत्ता माझाच आहे हे सर्व्हरला पटवून देणं. आणि व्यवहार म्हणजे साखळीवर काहीतरी कायमचं बदलणं, बहुतेक वेळा पैसे हलवणं. पहिल्यात सही नसते. दुसऱ्यात सही असते, पण गॅस, म्हणजे साखळीवरच्या व्यवहाराचं शुल्क, लागत नाही आणि साखळीवर काही जात नाही. तिसऱ्यात सही साखळीवर जाते आणि मग ती मागे घेता येत नाही.

लॉगिन आणि व्यवहार एकाच सहीत बसवणं तांत्रिकदृष्ट्या जमेल. एखाद्या पत्त्यावरून व्यवहार झाला म्हणजे किल्ली त्याच्याकडे आहे हे सिद्ध होतंच. तरीही करू नका, असं मी आग्रहानं सांगेन. माणूस महिन्यात दहा वेळा लॉगिन करतो आणि एखाद्या वेळी पैसे देतो. दहाही वेळा त्याच्यासमोर पैशांची खिडकी उघडलीत तर चौथ्या-पाचव्या वेळेपासून तो न वाचता बटण दाबायला लागतो. मी हे लोकांच्या शेजारी बसून पाहिलं आहे. ती सवय तुमच्या साइटवर लागते आणि नुकसान दुसऱ्याच एखाद्या बनावट साइटवर होतं. म्हणून माझ्या प्रत्येक कामात मी एक नियम पाळते: लॉगिनच्या सहीचा पैशाला स्पर्श होता कामा नये.

लॉगिनसाठी स्वतःचा मजकूर रचू नका. ईआरसी-४३६१ हे प्रमाण २०२१ साली मांडलं गेलं ते नेमकं यासाठीच. 'साइन-इन विथ एथेरियम' म्हणतात ते हेच. एथेरियम ही वेगळी साखळी, पण पॉलिगॉनवरही ते तसंच चालतं. त्यात सही करायच्या मजकुराचा साचा ठरलेला आहे: कोणतं डोमेन सही मागतंय, कोणत्या पत्त्याची, कोणत्या चेनवर, संदेश कधी तयार झाला, कधी कालबाह्य होतो, आणि एक नॉन्स, म्हणजे सर्व्हरनं त्या वेळेपुरतं बनवलेलं, किमान आठ अक्षरांचं यादृच्छिक चिन्ह. यातली नॉन्स आणि डोमेन ही दोन कलमं सगळ्यात जास्त काम करतात. नॉन्स नसेल तर एकदा कोणाच्या हाती लागलेली सही कायमचा पासवर्ड होऊन बसते. डोमेन नसेल तर बनावट साइट तुमच्या सर्व्हरकडून नॉन्स आणते, ग्राहकाकडून स्वतःच्या पानावर सही करून घेते आणि ती तुमच्याकडे पाठवून त्याच्या खात्यात शिरते. मजकूर प्रमाण साच्यात असला की मेटामास्कसारखी वॉलेटं संदेशातलं डोमेन आणि उघडलेलं पान जुळतंय का ते पाहतात आणि जुळत नसेल तर इशारा देतात. स्वतः रचलेल्या मजकुराला हे संरक्षण मिळत नाही.

इथे माझा एक अनुभव सांगते, कारण मराठी साइटवर तुम्हीही त्यात अडकाल. सुरुवातीच्या एका कामात मी सहीचा मजकूर हौसेनं मराठीत लिहिला होता. वॉलेटमध्ये तो सुरेख दिसायचा, पण सर्व्हरवर सही काही जुळायची नाही. इंग्रजी मजकूर घातला की लगेच जुळायची. दोन दिवस गेले. पर्सनल-साइन पद्धतीत वॉलेट मूळ मजकुराआधी एक ठराविक ओळ आणि मजकुराची लांबी जोडतं, आणि ती लांबी बाइटमध्ये मोजलेली असते. सर्व्हरवरचा कोड मी स्वतः लिहिला होता आणि त्यात अक्षरं मोजली होती. इंग्रजीत अक्षर आणि बाइट सारखेच, म्हणून चूक दिसत नव्हती. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं; 'सही' हा एवढासा शब्द नऊ बाइटांचा होतो. लायब्ररी हे हिशेब बरोबर करतात, त्यामुळे हा भाग हातानं लिहू नका. आणखी एक बारकावा: ईआरसी-४३६१च्या व्याकरणात विधानाच्या ओळीत देवनागरी बसतच नाही, काटेकोर पार्सर (मजकूर वाचून तपासणारा कोड) तो संदेश नाकारतो. म्हणून मी आता वॉलेट उघडण्याआधी आपल्याच पानावर दोन ओळी मराठीत दाखवते: 'पुढच्या खिडकीत फक्त ओळख पटवण्यासाठी सही मागितली जाईल. यात पैसे जात नाहीत.' त्याखाली बटण. एवढ्यानं घाबरून मागे फिरणारी माणसं बरीच कमी होतात.

सर्व्हरवरचा क्रम असा ठेवा. नॉन्स सर्व्हरच बनवेल, ब्राउझरच्या सेशनशी बांधेल आणि पाच-दहा मिनिटांत बाद करेल. सही आली की आधी नॉन्स खोडायची आणि मगच तपासणी करायची, म्हणजे एकाच वेळी आलेल्या दोन विनंत्यांना ती दोनदा वापरता येणार नाही. मग डोमेन, चेन आणि वेळ पाहायची. शेवटी सहीवरून निघालेला पत्ता संदेशातल्या पत्त्याशी ताडायचा. ताडताना लहान-मोठ्या अक्षरांकडे लक्ष द्या. ईआयपी-५५ या प्रमाणानुसार पत्त्यातली लहान-मोठी अक्षरं चेकसमचं, म्हणजे टायपिंगची चूक पकडण्याचं, काम करतात, पण तोच पत्ता सगळ्या लहान अक्षरांत लिहिला तरी तो तोच असतो. डेटाबेसमध्ये दोन्ही रूपं शिरली की एकाच माणसाची दोन खाती होतात आणि 'माझी छपाई दिसत नाही' असे फोन सुरू होतात. एक रूप ठरवा आणि साठवताना त्यातच आणा.

पुढे सगळं नेहमीचंच. सही तपासून झाली की साधी एचटीटीपी-ओन्ली कुकी द्या. सहीच टोकनसारखी प्रत्येक विनंतीबरोबर पाठवणारी साइट मी पाहिली आहे. तसं करू नका. ग्राहकानं वॉलेटमध्ये खातं बदललं तर त्याची घटना ब्राउझरला कळते. ती ऐकून जुनं सेशन संपवा. नाहीतर वर एकाचा पत्ता आणि खाली दुसऱ्याची ऑर्डर असं पान दिसतं. आणि ४००१ हा त्रुटी-क्रमांक आला तर तो बिघाड समजू नका. माणसानं 'नको' म्हटलंय एवढाच त्याचा अर्थ. लाल रंगाची पाटी दाखवून त्याला दचकवू नका.

एक वर्ग मात्र या सगळ्यातून निसटतो: काँट्रॅक्टरूपी वॉलेटं वापरणारे. सेफसारख्या वॉलेटमागे एकच किल्ली नसते, त्यामुळे सहीवरून पत्ता काढायची नेहमीची रीत तिथे चालत नाही. तिथे ईआरसी-१२७१नुसार त्या काँट्रॅक्टलाच विचारावं लागतं की ही सही तुला मान्य आहे का. कलादालनं किंवा संस्था खरेदी करणार असतील तर असे ग्राहक येणारच. व्हीएम (viem) या लायब्ररीतली सही तपासण्याची सोय साखळीच्या नोडशी, म्हणजे साखळीची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरशी, जोडून वापरली तर ती दोन्ही प्रकार सांभाळते. मी ती पहिल्या दिवसापासूनच लावते.

आता एक गोष्ट जी पूर्णपणे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे: वॉलेटनं लॉगिन हवंच आहे का? तुमचे ग्राहक आधीपासून वॉलेट बाळगणारे असतील तर होय. पण पुण्यातली एखादी शिक्षिका भिंतीसाठी एक छपाई घेणार असेल तर तिला ईमेल किंवा मोबाइल नंबरनं आत येऊ द्या, यूपीआयनं पैसे देऊ द्या आणि साखळीवरची नोंद तुम्हीच करा. नोंद साखळीवर आहे म्हणून वापरणाऱ्याच्या हातात वॉलेट असलंच पाहिजे असं नसतं. २०२२मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत जातप्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉनवर घेण्याचं काम झालं, त्यात प्रमाणपत्र पडताळायला क्यूआर कोड होता. प्रमाणपत्र घेणाऱ्याला मेटामास्क शिकायची गरज नव्हती. माझ्या बहुतेक कामांत मी ईमेलचं लॉगिन मुख्य ठेवते आणि वॉलेट नंतर खात्याला जोडू देते. जोडतानाही सही वरच्याच पद्धतीनं घ्यायची.

मोबाइलचाही विचार आधीच करा. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये वॉलेटचं एक्स्टेन्शन चालत नाही. मग एकतर वॉलेटकनेक्ट या जोडणी-सेवेवरून वॉलेटच्या अ‍ॅपमध्ये जाऊन सही करून परत यायचं, किंवा वॉलेटच्या आतल्या ब्राउझरमध्येच साइट उघडायची. दुसऱ्या वाटेत कुकी त्या ब्राउझरची होते आणि माणूस क्रोममध्ये परतला की पुन्हा बाहेर पडलेला असतो. याला सोपा उपाय नाही. निदान 'तुम्ही दुसऱ्या ब्राउझरमध्ये आहात' एवढं तरी सांगा.

आता व्यवहाराची सही. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे चूक दुरुस्त होत नाही. १८ जुलै २०२४ला वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्सचेंजच्या वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. पडद्यावर दिसत होतं ते आणि प्रत्यक्षात सही झाली ते यात तफावत होती, असं त्यांनी निवेदनात म्हटलं. २१ फेब्रुवारी २०२५ला बायबिट या क्रिप्टो एक्सचेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेव्हा सेफच्या वेब-पानातला जावास्क्रिप्ट बदलला गेला होता. सही करणाऱ्या माणसांना पानावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि सही भलत्याच गोष्टीवर होत होती. तुमच्या साइटवर एवढी रक्कम नसेल, पण तुमचं पानही तसंच पान आहे. ग्राहक त्यावर विश्वास ठेवून सही करतो.

म्हणून व्यवहार वॉलेटकडे पाठवण्याआधी तो साखळीच्या नोडवर कोरडा, म्हणजे प्रत्यक्ष न पाठवता, चालवून पाहा. तो उलटणार, म्हणजे अयशस्वी होणार, असेल तर ग्राहकाला वॉलेटपर्यंत नेऊच नका. उलटलेल्या व्यवहाराचाही गॅस जातोच. पानावर साध्या भाषेत लिहा: काय विकत घेताय, किती रुपयांचं, कोणत्या टोकनमध्ये (साखळीवरच्या चलनात), कोणत्या काँट्रॅक्टला. रक्कम जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत कधीही ठेवू नका. एक ईथर (एथेरियमचं चलन) म्हणजे १०चा १८वा घात इतके वेई, म्हणजे त्याचे सर्वात लहान भाग. साधी संख्या अचूक राहते ती ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१पर्यंतच, म्हणजे जेमतेम ०.००९ ईथर. त्यापुढे आकडा कुठे घसरला ते कळत नाही. बिग-इंट वापरा. दशांशस्थळं गृहीतही धरू नका: यूएसडीसी या टोकनला सहा आणि डाई या टोकनला अठरा. हे उलटंपालटं झालं तर किंमत लाख कोटी पटीनं चुकते.

टोकनमध्ये पैसे घेत असाल तर परवानगीचा, म्हणजे काँट्रॅक्टला ग्राहकाची टोकन काढू देण्याचा, मुद्दा येतो. कित्येक नमुना-कोडमध्ये काँट्रॅक्टला अमर्याद रकमेची परवानगी मागितलेली असते, कारण मग पुन्हा विचारावं लागत नाही. कोऱ्या चेकवर सही मागण्यासारखंच आहे ते. जेवढी किंमत तेवढीच परवानगी मागा. आणि 'गॅस लागत नाही म्हणजे सही निर्धोक' हा समज ग्राहकांच्या डोक्यात तुमच्या शब्दांमुळे बसू देऊ नका. ईआरसी-२६१२च्या परमिट पद्धतीत साखळीबाहेर, एकही पैसा गॅस न देता केलेली सही दुसरा माणूस साखळीवर नेऊन टोकन उचलू शकतो. म्हणूनच वरच्या माझ्या मराठी ओळीत 'यात पैसे जात नाहीत' हे त्या एका सहीपुरतं म्हटलं आहे. संरचित माहितीवर सही घ्यायचीच असेल तर ईआयपी-७१२ वापरा, म्हणजे वॉलेटमध्ये हेक्सचा ढीग दिसण्याऐवजी नावं आणि रकमा दिसतात.

सही झाली की वॉलेट तुम्हाला एक हॅश, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख-खूण, देतं. तो मिळाला म्हणजे व्यवहार पाठवला गेला, एवढंच. एका कामात आमच्या आधीच्या लोकांनी फ्रंटएंडकडून आलेला हॅश घेऊन ऑर्डर 'पैसे मिळाले' अशी बदलली होती. कोणीतरी एकाच हॅशवर दोन ऑर्डरी सोडवून घेतल्या आणि माल कुरिअरनं गेला. तेव्हापासून माझा सर्व्हर हॅश फक्त शोध घेण्याचं टोक म्हणून वापरतो. पावती स्वतःच्या नोडकडून आणायची, ती यशस्वी आहे का, चेन बरोबर आहे का, घटना (काँट्रॅक्ट चालताना साखळीवर उमटणारी नोंद) आपल्याच काँट्रॅक्टनं नोंदवली आहे का, रक्कम आणि ऑर्डर-क्रमांक जुळतात का, हे सगळं पाहायचं. काँट्रॅक्टच्या घटनेत ऑर्डर-क्रमांक आधीपासून ठेवलेला असेल तर हे फार सोपं होतं. नसेल तर ठेवा. डेटाबेसमध्ये हॅश आणि घटनेचा अनुक्रम या जोडीवर युनिक बंधन घाला. ग्राहकानं वॉलेटमध्ये 'वेग वाढवा' दाबलं तर जुन्या व्यवहाराच्या जागी नवा जातो आणि हॅशच बदलतो, म्हणून हॅशची वाट पाहत बसण्यापेक्षा काँट्रॅक्टच्या घटना सर्व्हरनं सतत वाचणं जास्त भरवशाचं.

किती वेळ थांबायचं हे चेनवर आणि मालाच्या किमतीवर ठरतं. एथेरियमवर दर १२ सेकंदांना एक स्लॉट (नवा ब्लॉक जोडण्याची वेळ) असतो आणि अंतिमता, म्हणजे व्यवहार आता पुसला जाणार नाही ही खात्री, यायला साधारण १३ मिनिटं लागतात. पॉलिगॉनचं गणित वेगळं आहे. पाचशे रुपयांच्या डिजिटल छपाईला ग्राहकाला ताटकळत ठेवू नका. पन्नास हजारांची फ्रेम पाठवायची असेल तर कुरिअर बोलावण्याआधी अंतिमता येऊ द्या.

फ्रंटएंडच्या लायब्ररींबद्दलही काळजी घ्या. १४ डिसेंबर २०२३ला लेजर या वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या कनेक्ट किट या पॅकेजच्या काही आवृत्त्यांत चोरीचा कोड घातला गेला होता, आणि जी पानं ते पॅकेज थेट सीडीएनवरून (फाइली पुरवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरवरून) ताजं उचलत होती ती काही तासांसाठी चोरांच्या हाती गेली. आवृत्ती पक्की बांधा, लॉकफाइल तपासून अद्ययावत करा आणि सही मागणाऱ्या पानावर जाहिराती, चॅटचे डबे, मोजमापाच्या स्क्रिप्ट असं बाहेरचं काहीही ठेवू नका.

कराचं एका ओळीत: भारतात आभासी डिजिटल मालमत्तेवरच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२पासून ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२पासून १ टक्का टीडीएस लागू झाला. तुमच्या विक्रीला तो कसा लागतो हे सीएला विचारूनच टोकनचा पर्याय सुरू करा.

राहिली मुंबई टेस्टनेट. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही, ती टेस्टनेट एप्रिल २०२४मध्ये बंद झाली. तिच्या जागी अमॉय आहे. चेन-क्रमांक ८०००१ ऐवजी ८०००२. तो व्हिडिओ त्याआधीचा असेल तर त्यातली वेब३प्रोव्हायडरची ओळही चालणार नाही, कारण ईथर्स या लायब्ररीच्या सहाव्या आवृत्तीत तिचं नाव ब्राउझरप्रोव्हायडर झालं आहे. क्रमांक बदलताना एक लक्षात ठेवा: मुंबईवर ठेवलेलं काँट्रॅक्ट अमॉयवर आपोआप येत नाही. ते नव्यानं डिप्लॉय करून मिळालेला पत्ता फ्रंटएंड आणि सर्व्हर अशा दोन्ही ठिकाणी घाला.